गाणं ऐकायला भारी सिस्टीम खरंच लागतीय काय?

उद्यमबाग_लेथवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला घर बांधून झालंय, हॉल चांगला मोठा काढलाय आणि आता त्यात गाण्याची काहीतरी सोय करायचीय. मेव्हणा बेंगळूरला असतो, तो म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर, डॅक (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा) असं सगळं मिळून साठ-सत्तर हजार घाल, एकदाच घाल पण नीट घाल, आत्तापर्यंत तू गाणं ऐकलेलंच नाहीस. हे शेवटचं मला जरा लागलं ओ. घरात आई नाट्यगीतं लावायची, गल्लीत दर गुरुवारी भजन, कामावर जाताना अभंग, रात्री जुनी हिंदी आणि मधेच कन्नड भावगीतं पण, एवढं सगळं ऐकून मी गाणं ऐकलेलं नाही म्हणे! आता ऐकतो ते मोबाईलवर नाहीतर ब्लूटूथच्या एका स्वस्तातल्या डब्यावर हे खरं हाय, पण डोळ्यात पाणी आलंय ते पण त्याच डब्यावर.

तर विचारायचं असं की आवाजाची क्वालिटी आणि गाण्यातली मजा यांचा खरंच काय संबंध हाय काय, का ही नुसती पैसेवाल्यांची हौस? बायको म्हणते त्या पैशात सोफा येतो. माझी पंचवीस हजारापर्यंत मनाची तयारी हाय, त्याच्या वर नाही. ज्यांनी दोन्ही ऐकलंय त्यांनी सांगा, कंपन्यांची नावं नाही दिली तरी चालतील.

शहापूरचे_काका

मेव्हण्याला सांगा आधी गाणं ऐक मग स्पीकर ऐक.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, चालू केल्यावर तापायला वेळ घ्यायचा. धारवाड आकाशवाणी लागायची, कधी सांगली, आणि वळवाच्या दिवसात वीज चमकली की आधी रेडिओत खर्रर्र व्हायचं आणि मग आभाळात गडगडायचं. त्या खरखरीतनं मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत मी. मीडियम वेव्हवर वरचा आवाज सगळा कापलेला असायचा, तंबोरा म्हणजे मागं नुसती गुणगुण, तरी राग कळत होता, सम कळत होती, बुवा कुठं फिरवून आणतात ते कळत होतं, आणखी काय पाहिजे?

आपल्या मातीतलंच बघा की. सुळेभावी इथनं किती लांब? १९२४ साली तिथं शिवपुत्र कोमकळी जन्माला आले, तेच पुढं कुमार गंधर्व. अगदी लहान असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, लोक तोंडात बोट घालायचे. आणि त्या तबकड्या कसल्या तर ७८च्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की संपली, वर सुईचा आवाज फुकट. भीमसेन जोशी आपल्या गदगचे, त्यांनी पोरवयात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि अकराव्या वर्षी घर सोडून गुरू हुडकायला गेले. त्या तबकडीत काय सत्तर हजाराचा आवाज होता?

कान तयार पाहिजे. डबा कुठला का असेना.

कुंदा_आणि_करदंट

सोफा घ्या. भांडण मिटलं 😄

टिळकवाडी_टू_बेंगळूर

काका, उदाहरणं दोन्ही भारी आहेत पण दोन्ही तुमच्याच विरुद्ध जायलीत बघा. तबकड्यांनीच भागलं असतं तर कुमारांना मुंबईला देवधर मास्तरांकडे कशाला पाठवलं असतं? भीमसेन पण तबकडी ऐकून घरात बसले नाहीत, उत्तरेत फिरून फिरून शेवटी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांसमोर बसले. तबकडीनं ओढ लावली एवढंच. समोरच्या माणसाच्या गळ्यात जे असतं ते तिच्यात मावत नव्हतं म्हणूनच तर गेले.

आता लेथवाले, तुमच्या प्रश्नाबद्दल. तुमचा मेव्हणा आणि काका दोघं पण सगळं एकत्र कालवायलेत. मूळ रेकॉर्डिंग कसं झालंय ही एक गोष्ट, ते तुमच्यापर्यंत कुठल्या फाईलमधनं आलं ही दुसरी, आणि घरात वाजतंय कसं ही तिसरी. पहिली तुमच्या हातात नाही. दुसऱ्या गोष्टीवरनं लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि आजकाल तिच्यात भांडण्यासारखं फार उरलेलं नाही. सीडी १९८२ साली आली, सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, डावी-उजवी दोन्ही बाजू धरून हिशोब केला तर १४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार बिट. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकतो, ते पण पोरांचा, चाळिशी-पन्नाशीत पंधरा हजाराच्या वरचं ऐकू येणारे कमीच. नमुने जेवढे त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो, म्हणजे कानाची हद्द सीडीनं तेव्हाच गाठली होती. आता २४ बिट १९२ किलोहर्ट्झ म्हणून जे विकायलेत ते स्टुडिओत मिक्सिंग करणाऱ्याला उपयोगी आहे, घरात ऐकणाऱ्यानं त्याच्यासाठी पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत, इथं काहीजण चिडतील माहितेय.

खालच्या बाजूला मात्र फरक पडतो. आठवतंय काय, एका सीडीत दीडशे गाणी असलेल्या एमपीथ्री रस्त्यावर मिळायच्या? ती गाणी १२८ केबीपीएसची, कधी त्याच्या पण खाली. त्यात सोळा हजाराच्या आसपास वरचा आवाज सरळ कापलेला असतो, शिवाय अभंगात टाळ आणि चिपळ्या सुरू झाल्या की शुंईं शुंईं असा विचित्र आवाज यायला लागतो कारण टाळाचा आवाज दाबून लहान करायला सगळ्यात अवघड. तबल्याची थाप पण कडेनं विरघळते. तेच ३२०ला केलं तर बहुतेकांना मूळ सीडीपासून ओळखता येत नाही, मी डोळे झाकून बसून बघितलंय, मला नाही आलं आणि घरी आलेल्या कुठल्याच मित्राला आलं नाही.

अशी चाचणी करायची असली तर एक काळजी घ्या, दोन्हीकडे आवाज सारखा ठेवा. एक डेसिबलनं जरी एक बाजू मोठी असली तरी कानाला तीच चांगली वाटते, मोठी वाटत नाही, चांगली वाटते, गंमत तीच. दुकानात महागडा स्पीकर नेहमी जरा मोठ्यानं का वाजतो ते आता बघा.

निपाणी_साऊंड

मी साऊंडवाला, भजन ऑर्केस्ट्रा जत्रा लग्न सगळं लावतो, संकेश्वर चिकोडी गडहिंग्लज सगळीकडं फिरायलोय. इथली चर्चा वाचून ऱ्हावलं नाय म्हणून लिवतोय.

देवळावरचा भोंगा बघा, त्याच्यात खालचा आवाज पण नाय आणि लई वरचा पण नाय, माणसाच्या बोलण्याचा मधला पट्टा तेवढा बाहेर पडतोय. तरी काकडआरतीला त्याच भोंग्यावरचा अभंग ऐकून बायका हात जोडून उभ्या ऱ्हातात. म्हंजे काकांचं खरं हाय. पण त्याच बायका कीर्तनाला मांडवात येतात आणि बुवाच्या माईकनं एकदा शिट्टी मारली दोनदा मारली की तिसऱ्याला उठून जातात. माणूस कमी आवाज सोसतोय, घाण आवाज सोसत नाय. फाटका आवाज, शिट्टी, नायतर कुणीतरी हौशा येऊन म्हणतोय इको वाढवा इको वाढवा, आणि मग शब्दावर शब्द चढून ‘विठ्ठल’ कुठं संपला आणि पुढचा कुठं सुरू झाला कळत नाय. माझ्या धंद्यात पयला नियम, शब्द कळले पायजेत. पखवाजाचा धूम बाकीचं सगळं झाकायला लागला तर तो कितीबी भारी असूंदे, मी खाली घेतोय. लोक शिव्या घालतात तरी.

गणपतीच्या डॉल्बीचं म्हणाल तर तिथं गाणं ऐकायला कोण येतंय ओ, छाती हलवायला येतात. ती पण मजाच हाय, नाय म्हणत नाय, माझं पोट पण त्याच्यावर हाय, पण तिची गोष्ट येगळी.

लेथवाले भाऊ, हॉल कसा हाय ते सांगा आधी. खाली टाईल्स, समोर काच, पडदे अजून नाय, असंच असंल ना? मधे उभं ऱ्हाऊन जोरात एक टाळी मारा. टण्ण करून मागं शेपूट आली तर कितीबी पैसे घाला, गाणं गढूळच येणार.

जवारी_अक्का

मी वीस-बावीस वर्षं गाणं शिकवतेय, त्यातली बरीच धारवाडला आणि आता बेळगावात. काका आणि बेंगळूरवाले दोघांनाही एक सांगायचंय, तुम्ही दोघं तंबोऱ्याजवळ येऊन निसटलात.

पुरुषाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झ येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. मोबाईलचा एवढासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्यातनं बाहेर पडतच नाही. तरी मुलं मोबाईलवर तंबोरा लावून बसतात आणि त्यांना खर्ज ऐकू येतो! कारण त्या तारेच्या मूळ स्वराच्या चौपट, पाचपट, सहापट असे वरचे स्वरांश स्पीकरमधनं येत असतात आणि त्यांच्यामधलं अंतर बघून खालचा स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. जवारी लावलेल्या, म्हणजे तार घोडीवर झणझणेल अशी बसवलेल्या तंबोऱ्यात हे वरचे स्वरांश मुळातच भरपूर, मिरजेचे कारागीर घोडीवर तासन्‌तास घालवतात ते त्याच्यासाठीच. म्हणून काकांना रेडिओच्या खरखरीत राग कळला यात नवल नाही. राग हा स्वरांच्या नात्यांचा असतो, नाती खराब डब्यातनंही टिकतात.

पण. मेंदूनं भरून काढलेला खर्ज आणि खोलीत भरलेला खर्ज यात गाणाऱ्याला फरक पडतो. माझ्याकडच्या एका मुलीचा षड्ज सारखा किंचित वर चढायचा. मोबाईल बाजूला ठेवून लाकडी तंबोऱ्याजवळ बसवलं, भोपळ्याला हात लावून बस म्हटलं, काही आठवड्यांत सूर बसला. ऐकणाऱ्याचंही थोडं तसंच आहे. चांगल्या स्पीकरवर मला चीज (बंदिश) जास्त कळते असं नाही, पण मी जास्त वेळ बसते. वाईट आवाजात मेंदूला सारखं भरून काढायचं काम असतं आणि तो थकतो, विलंबित ख्याल पंधरा मिनिटांत नकोसा होतो. तीन मिनिटांच्या तबकडीला हा प्रश्नच नव्हता काका, थकायच्या आत संपायची!

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाण्यावर अवलंबून आहे. आईची नाट्यगीतं, अभंग, भावगीतं यात शब्द आणि चाल पुढं असतात, ती कशावरही पोचतात. सारंगी, सरोद, रुद्रवीणा, खर्जातली आलापी, दोन स्वरांमधली शांतता, हे डब्यावर अर्धं मरतं. तुम्ही काय ऐकता त्याप्रमाणे ठरवा.

शहापूरचे_काका

अक्का, थकायच्या आत संपायची हे मात्र मान्य. आमच्या वडिलांकडं चावीचा फोनो होता, तबकडी संपली की पुन्हा चावी द्यायची, सुई बदलायची, त्यामुळं एका बैठकीत पाच-सहा तबकड्या म्हणजे डोक्यावरनं पाणी. आजकालची पोरं सकाळपासनं रात्रीपर्यंत कानात बोळे घालून असतात, ऐकतात किती आणि वाजतं किती कोण जाणे.

पण बेंगळूरवाल्यांना एक विचारतो. रात्री दहानंतर आवाज बारीक करून ऐकलं की चांगल्या सिस्टीमवर पण गाणं पोकळ का वाटतंय? आमच्या मुलानं घेतलीय, दिवसा झकास, रात्री कायतरी गेल्यासारखं.

टिळकवाडी_टू_बेंगळूर

सिस्टीमचा दोष नाही काका, कानाचा स्वभाव आहे. आवाज बारीक केला की कानाला खालचे स्वर मधल्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन नावाच्या दोघांनी १९३३ साली हे मोजून ठेवलंय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाऊडनेस’ नावाचं बटण असायचं ते ह्याच्यासाठीच, बारीक आवाजात तेवढा बेस वाढवायचा. मुलाला सांगा रात्री बेस दोन-तीन घर वर घे आणि सकाळी आठवणीनं खाली आण, नाहीतर दिवसा शेजारचे येतील.

आणि निपाणीवाल्यांनी जे खोलीचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, त्याच्यावर अजून कोण बोललं नाही. स्पीकर कोपऱ्यात कोंबले की बेस फुगतो, भिंतीपासून हात-दीड हात पुढं आणा, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे, वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला. ह्याला एक रुपया लागत नाही आणि दहा हजाराच्या फरकाएवढा फरक पडतो. फोटोत बघतो मी, लोक एक स्पीकर टीव्हीच्या मागं आणि एक शोकेसच्या वर ठेवतात, मग म्हणतात स्टिरिओत काय मजा नाही.

उद्यमबाग_लेथवाला

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू.

टाळी मारली. टण्ण आणि वर शेपूट, बरोब्बर. पडदे लावायचेत अजून.

दुसरं म्हणजे मेव्हणा रविवारी आलता, त्याचा तो मोठा हेडफोन घेऊन. बेंगळूरवाल्यांनी सांगितल्यागत आवाज सारखा करून एकच अभंग दोन्ही फाईलींचा लावला, एक जुनी एमपीथ्री आणि एक सीडीवरची, कुठली कुठं ते फक्त मेव्हण्याला माहीत. मला काय फरक कळला नाही ओ, खरंच नाही. मग बायकोला दिला, जी सोफा म्हणत होती. तिनं दहा सेकंदात हेडफोन काढून विचारलं, ह्या दुसऱ्यात पेटीचा भाता ऐकू येतोय, पहिल्यात का येत नाही? मेव्हण्याची कॉलर ताठ. तिला टाळातलं ते शुंईं पण कळलं, मला दाखवून दिल्यावर पण नाही कळलं.

आता मला वेगळीच शंका यायलीय. मी इतकी वर्षं प्रेस शॉपच्या (पत्रा दाबायच्या मशिनींच्या) शेजारी काम करायलोय, रात्री झोपताना कानात बारीक किर्रर्र येतं ते मला वाटायचं सगळ्यांनाच येत असणार. त्याच्यामुळं असेल काय?

सेफ्टीवाला_खानापूर

असू शकतं, हसण्यावारी नेऊ नका. मी कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. ८५ डेसिबल दिवसाला आठ तास एवढीच सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. प्रेसशेजारी त्याच्या वर सहज जातं. अशा आवाजानं कान खराब होतो तो आधी ४ हजार हर्ट्झच्या आसपास होतो, तिथं खड्डा पडतो. बोलणं बहुतेक खालच्या पट्ट्यात असल्यामुळं माणसाला वर्षानुवर्षं कळतच नाही, स, श, त, थ गुळगुळीत व्हायला लागले की घरातले म्हणतात तुम्ही लक्ष देत नाही. टाळाची चमक, भात्याचा फुसफुस आवाज, तंबोऱ्याची झार, सगळं त्याच भागात आणि त्याच्या वर.

कान-नाक-घसावाल्याकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या, हेडफोन लावून बसवतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम. गेलेलं परत येत नाही पण उरलेलं राखता येतं. कामावर इअरप्लग घाला, नुसता कापूस कोंबून उपयोग नाही. आणि हेडफोन घेतलात तर मोठ्यानं लावायचा मोह होणार, कारण ऐकू कमी येतंय. तो आवरा.

जवारी_अक्का

लेथवाले, कानाची तपासणी आधी, खरेदी नंतर. आणि किर्रर्र वाढत असलं किंवा एकाच कानात असलं तर थांबू नका.

बाकी तुमच्या बायकोचा कान चांगला आहे. पेटीचा भाता पहिल्याच फेरीत पकडणारे कमी असतात, तिला गाणं शिकायचं असलं तर विचारा तिला. स्पीकर तिच्या कानानं निवडा.

उद्यमबाग_लेथवाला

गुरुवारी सकाळची अपॉइंटमेंट घेतली.

बायकोला अक्कांचा मेसेज वाचून दाखवला, खूश झाली, आता म्हणते सोफा आणि स्पीकर दोन्ही पाहिजेत. गेलो कामातनं.

निपाणी_साऊंड

मग झालंच की ओ काम, कापडी सोफा घ्या जाडजूड, रेक्झिनचा नको. सोफा, पडदे आणि खाली जाजम एवढं झालं की निम्मी शेपूट गेलीच म्हणून समजा, मांडवात आम्ही मागं गोधड्या टांगतोय ते कशासाठी? म्हंजे तो खर्च साऊंडच्या खात्यातच धरा आणि मेव्हण्याला तसंच सांगा.

पंचवीसात वापरलेली जोडी आणि साधा अ‍ॅम्प आरामात बसतोय. पण दुकानात ऐकून घेऊ नका, दुकानाची खोली येगळी, तुमची येगळी. माझ्याकडं लहान मापाच्या दोन जोड्या पडून हायत, विकायच्या नायत, नुसत्या ऐकायला आणतो. पुढच्या आठवड्यात येळ्ळूरला भजनाचं काम हाय, सामान घेऊन जाताना दुपारी तुमच्याकडं थांबतो. पडदे तेवढे लावून ठेवा, आणि वहिनींना म्हणावं त्यांची नेहमीची चार गाणी काढून ठेवा.